अंगठ्याचा ठेका

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी पोर्ट वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथली एक खुर्च्या बनवणारी कंपनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवू लागली. कपाटं खपायची तर गिऱ्हाइकाला वाजवायला तबकड्या हव्यात, म्हणून मग तबकड्याही काढल्या. त्यांच्या छापाचं नाव पॅरामाउंट. माल स्वस्तातला, तबकड्यांचा मसाला हलका, ध्वनिमुद्रण यथातथा. पण ब्लाइंड लेमन जेफरसन, ब्लाइंड ब्लेक, चार्ली पॅटन, सन हाउस आणि स्किप जेम्स या सगळ्यांचं सुरुवातीचं, महत्त्वाचं काम याच छापावर आहे. एक माणूस, त्याची गिटार आणि त्याचा गळा, एवढ्याच भांडवलावर उभं असलेलं जे ब्लूज संगीत आज जगभर आदरानं ऐकलं जातं, त्यातला मोठा हिस्सा फर्निचरच्या धंद्याचं जोडउत्पन्न म्हणून आपल्या हाती लागला आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण एकट्या गिटारवाल्याबद्दल बोलायला लागलं की भाषा लगेच हळवी होते. एकाकीपण येतं, आत्म्याचा आक्रोश येतो, मध्यरात्रीचा चौरस्ता येतो आणि सैतानाशी केलेला सौदा तर येतोच येतो. रॉबर्ट जॉन्सनला ही सैतानाची कथा अशी चिकटली आहे की, त्यानं १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमध्ये ध्वनिमुद्रित केलेली २९ गाणी ऐकण्याआधीच माणसं ती कथा ऐकतात. मग गाण्यातही त्यांना सैतानच ऐकू येतो. डाव्या हाताची करामत निसटते. या पुस्तकात सैतान नाही. हात आहेत.

तो एकटा का होता, याचं पहिलं उत्तर साधं, व्यवहाराचं आहे. एकट्याला बोलावणं परवडत होतं. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांवर शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी नाच असायचा. यजमान मासे तळून आणि गावठी दारू विकून चार पैसे काढायचा. त्यातून अख्ख्या ताफ्याची बिदागी निघणं कठीण. तेव्हा नाचणाऱ्यांना लागणारा ठेका, त्याखालचा खर्ज, वरची सुरावट आणि गाणं, हे सगळं एकाच माणसाला ओढावं लागे, तेही रात्रभर. ऐकणारे आठवडाभर वेचणीला किंवा निंदणीला वाकलेले असत. बहुतेक सगळे बटईनं शेती करणारे, मालकाच्या दुकानात उधारी असलेले. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यानंतर सतराच वर्षांनी, १८९० मध्ये, मिसिसिपीनं नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क व्यवहारात काढून घेतला. आपण ज्यांना ऐकणार आहोत त्यांतले बरेच जण त्या सुमारास किंवा त्यानंतर, त्या राज्यात किंवा त्याच्या आसपास जन्मले.

आणि ही मंडळी फक्त ब्लूज वाजवत नव्हती. नाचाला जे लागेल ते वाजवत होती: वॉल्ट्झ, भजनं, नाटकमंडळ्यांतली गाणी, रेडिओवरची ताजी गाणी. १९४१च्या उन्हाळ्यात लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क स्टोव्हॉल मळ्यावर मडी वॉटर्सकडे गेले, तेव्हा त्याच्या गाण्यांच्या यादीत सिनेमातल्या गोऱ्या काउबॉय गायकाची, जीन ऑट्रीची गाणी निघाली. टेक्सासचा मॅन्स लिप्सकम स्वतःला ब्लूज गायक म्हणवतच नसे. तबकडीवर मात्र ब्लूजच राहिला, कारण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला तोच विकायचा असं कंपन्यांनी ठरवलं होतं. वॉल्ट्झ मळ्यावरच राहिले.

आता हाताकडे येतो. गिटारीला सहा तारा. जाड तीन तारा अंगठ्याच्या, बारीक तीन तर्जनी आणि मध्यमेच्या. ढोबळ वाटणी ही अशी. अंगठा जाड तारांवर एकाआड एक ठोके टाकत राहतो: सहावी, चौथी, पाचवी, चौथी. हा ठेका पियानोवर रॅगटाइम वाजवणाऱ्याच्या डाव्या हातातून आला आहे, हे ऐकताच कळतं. बाकीची दोन बोटं सुरावट वाजवतात, पण ती ठोक्यावर क्वचितच पडते. ठोक्याच्या किंचित आधी किंवा मधल्या फटीत स्वर येतो आणि पुढच्या ठोक्याला मुद्दाम हुलकावणी देतो. अंगठ्याला वर काय चाललंय याची दखलही घ्यायची नसते. शिकणाऱ्याची सगळी कसोटी इथे लागते. बोट आडवं गेलं की अंगठाही त्याच्यामागे ओढला जातो. अंगठा सुटा झाल्याशिवाय या वादनात काहीच होत नाही, आणि एकदा तो सुटा झाला की आपल्याच हातात दुसरं कुणी बसलंय असा भास वाजवणाऱ्यालाही होतो. ऐकणाऱ्याला तो होतोच. रॉक गिटारवादक ब्रायन जोन्सनं कीथ रिचर्ड्सला रॉबर्ट जॉन्सनची तबकडी ऐकवली तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं ते, याच्याबरोबर दुसरा कोण वाजवतोय? गिटारवर आयुष्य काढणाऱ्या माणसाचीही ही गत.

माझ्या मते या वादनाची मोहिनी या फसगतीत आहे. चौघांचं काम एकाच्या अंगावर आलं आहे आणि त्याचे सांधे आपल्याला ऐकू येतात. कुठे अंगठा क्षणभर गप्प होतो, कारण डावा हात दूरच्या पडद्याकडे निघाला आहे. कुठे गाण्याची ओळ आवरती घेतली जाते, कारण आता बोटांना बोलायचं आहे. वाद्यवृंदात ही ओढाताण झाकली जाते. इथे ती उघड्यावर असते, आणि सफाईदार कसबापेक्षा ती ओढाताणच आपल्याला जवळ बसवून घेते.

सगळेच असे एकाआड एक ठोके टाकत नाहीत. बिग बिल ब्रून्झी आणि लिप्सकम यांचा अंगठा बरेचदा एकाच जाड तारेवर घट्ट राहतो, ढोलावर पडत राहिल्यासारखा. पॅटन तर गिटारीच्या लाकडावरच थापा मारी. त्याचं गाणं ऐकताना नेमके शब्द काय आहेत यावर जाणकारांचे अजून वाद होतात, पण पाय हलायचे थांबत नाहीत. दक्षिण कॅरोलायनाचा अंध धर्मोपदेशक रेव्हरंड गॅरी डेव्हिस फक्त अंगठा आणि तर्जनी वापरत असे. त्या दोन बोटांत त्यानं जे बसवलं आहे ते पाच बोटांनी वाजवतानाही पुढच्या पिढ्यांची दमछाक होते. वाद्यं साधीच होती. टपालानं माल पाठवणाऱ्या दुकानांच्या सूचिपत्रांतून गिटारी थेट खेड्यात येत, आणि स्टेला नावाची स्वस्त गिटार तर जिकडेतिकडे. आवाज पुरेना म्हणून पुढे, १९२७च्या सुमारास, धातूच्या तबकडीचा नॅशनल कंपनीचा नमुना आला. तो गोंगाटातही ऐकू जाई.

तारा मिळवण्याच्या पद्धतींचा इतिहास तर निव्वळ गमतीचा आहे. न दाबलेल्या तारांतूनच अख्खा स्वरमेळ निघावा अशा रीतीनं गिटार मिळवतात. अशा एका मिळवणीला जुने वादक ‘व्हास्तापोल’ म्हणत. हा सेवास्तोपोलचा अपभ्रंश. क्रिमियाच्या युद्धातला वेढा गाजल्यावर, १८६०च्या सुमारास, हेन्री वॉरल या गिटारवादकानं त्या नावाची एक रचना छापली होती. मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत मुली ती शिकत. तिथून ती मिळवणी मळ्यांवर पोचली, आणि रशियातल्या वेढ्याचं नाव मोडक्यातोडक्या रूपात कापूस वेचणाऱ्यांच्या तोंडी बसलं. असल्या गोष्टी वाचल्या की ‘मातीतून उगवलेलं अस्सल संगीत’ वगैरे वाक्यं लिहिण्याचा उत्साह कमी होतो.

मोकळ्या मिळवणीवर बाटलीची मान किंवा सुरी फिरवली की स्वर घसरू लागतात, आणि मग आपल्या कानाची नि त्यांची गाठ पडते. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीनं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की, १९०३च्या आसपास मिसिसिपीतल्या टटविलरच्या रेल्वे स्टेशनवर त्यानं एका माणसाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना पाहिलं, आणि त्याला हवाईच्या वादकांची आठवण झाली. ही युक्ती हवाईची की आफ्रिकेतून आलेल्या एकतारी वाद्यांची, हा वाद मिटलेला नाही. दोन्हींचा हातभार लागला असावा. तीच हवाईची आडवी गिटार दुसऱ्या वाटेनं मुंबईच्या सिनेसंगीतात आली. व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली यांनी त्या गिटारीवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या धुना ज्यांनी रेडिओवर ऐकल्या आहेत त्यांना ब्लूजची मींड परकी वाटायला नको. नातं सख्खं नाही, पण भाऊबंदकी आहे.

या घसरत्या स्वराचं शिखर म्हणजे ब्लाइंड विली जॉन्सन. हा रस्त्यावर उभं राहून भक्तिगीतं गाणारा अंध टेक्सासवाला. ब्लूज म्हटलेलं त्याला आवडलं नसतं. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलसला त्यानं एक ध्वनिमुद्रण केलं, ज्यात शब्दच नाहीत. तो नुसता गुणगुणतो, आणि गिटार त्याचा श्वास जिथे संपतो तिथून स्वर उचलते. कधी गळा पुढे, कधी तार. थोड्या वेळानं कोण कुणाच्या मागे चाललंय हे सांगता येत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यावर हे ध्वनिमुद्रण आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला, आणि १६ तारखेला केसरबाई गेल्या. दोन्ही ध्वनिमुद्रणं साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटांची, कारण दोन्ही ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी केलेली. तासभर राग मांडणारी गायिका आणि रस्त्यावर दिवस काढणारा गायक यांच्यावर त्या तबकडीनं एकच माप लादलं. नाचाच्या रात्री अर्धा अर्धा तास चालणारी गाणी आपल्याला तेवढीच मिळाली आहेत, हे ऐकताना लक्षात ठेवावं लागतं.

एकट्याची आणखी एक चैन असते, ती वेळेची. ब्लूजची घडी बारा मापांची (बार्सची), असं प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं. टेक्सासचा लाइटनिन हॉपकिन्स किंवा डेट्रॉइटला जाऊन स्थिरावलेला जॉन ली हुकर यांच्याकडे ही घडी कधी साडेअकरा मापांची, कधी तेरांची. शब्द संपला नाही तर माप थांबतं. एखादी गिटारची लकेर आवडली तर ती आणखी दोनदा येते. हुकरच्या १९४८च्या गाजलेल्या तबकडीत तो लाकडी फळीवर पाय आपटत एकट्यानं वाजवतो, आणि त्या पायाखेरीज त्याला जुमानायला कुणी नाही. अशांच्या मागे साथीला बसणाऱ्यांची तारांबळ उडत असे. विलंबित ख्यालातही लय मोजून चालते. इथे ती बोलण्याच्या ओघात चालते. अनेकांना हा बेशिस्तपणा वाटतो. मला तो या संगीतातला सगळ्यात मोठा ऐवज वाटतो, आणि बँडबरोबर गेल्यावर तोच पहिल्यांदा हरवतो.

मिसिसिपी जॉन हर्टवर या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं गेली आहेत. ती पक्षपातानं गेली आहेत, हे मान्य. हर्ट ॲव्हलॉन नावाच्या एवढ्याशा वस्तीत राहायचा, डोंगर संपून कापसाचा सपाट प्रदेश सुरू होतो तिथे. शेतमजुरी करायची, शनिवारी वाजवायचं. शेजारचा गोरा फिडलवादक विली नारमोर याच्या शिफारशीवरून ओके कंपनीनं त्याला फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिसला बोलावलं. तिथे केलेल्या आठांपैकी दोनच गाणी बाजारात आली. डिसेंबरात न्यू यॉर्कला पुन्हा ध्वनिमुद्रण झालं. तिथे असताना त्यानं आपल्या गावावर एक गाणं रचलं, त्यात ॲव्हलॉनचं नाव घेतलं. पुढच्या वर्षी मंदी आली, तबकड्यांचा धंदा बसला, आणि हर्ट पुन्हा शेतावर.

१९५२ साली हॅरी स्मिथनं जुन्या तबकड्यांतून निवडलेला अमेरिकन लोकसंगीताचा संग्रह फोकवेज कंपनीनं काढला. त्यात हर्टची दोन गाणी होती, आणि न्यू यॉर्कच्या कॅफेंमधली तरुण पोरं ती ऐकून बोटं झिजवू लागली. गाणारा मेलाच असणार, असं सगळे धरून चालले होते. १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाला ते गावाचं गाणं ऐकून सुचलं की, जाऊन तर बघू. जुन्या नकाशात ॲव्हलॉन सापडलं. हर्टही सापडला, गुरं सांभाळत असलेला, सत्तरीचा. दारात अनोळखी गोरा बघून त्याला वाटलं, हा पोलिसांचा किंवा सरकारचा माणूस. काळ आणि राज्य लक्षात घेता ती भीती रास्तच होती. त्या उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारोंसमोर वाजवत होता. पुढची तीन वर्षं मैफली, ध्वनिमुद्रणं, दूरदर्शन. नोव्हेंबर १९६६ मध्ये तो गेला.

१९२८ आणि १९६३ची ध्वनिमुद्रणं एकामागून एक ऐका. अंगठा तोच, तसाच निवांत. हर्टच्या आवाजात कर्कशपणा नावाला नाही. त्याच्या गाण्यांत खून भरपूर आहेत, पण ओसरीवर बसून शेजारची हकीगत सांगावी तशा स्वरात तो ते सांगतो आणि खाली अंगठा नाचाचा ठेका धरून असतो. ब्लूज म्हणजे किंचाळणं, अशी समजूत असणाऱ्यांनी याच्यापासून सुरुवात करावी.

हर्टसारख्यांच्या पुनरागमनाची एक बाजू मात्र चरित्रकार घाईघाईनं उरकतात. साठच्या दशकातल्या गोऱ्या, शिकलेल्या श्रोत्यांना एकटा, म्हातारा, लाकडी गिटारवाला हवा होता. नसेल तर ते तसा घडवून घेत. याची सुरुवात त्याहूनही जुनी आहे. डिसेंबर १९३८ मध्ये संगीत-निर्माता जॉन हॅमंडनं न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताचा मोठा कार्यक्रम केला. रॉबर्ट जॉन्सनला बोलवायचं होतं, पण तो ऑगस्टमध्येच वारला होता; हॅमंडनं रंगमंचावर त्याच्या तबकड्या वाजवल्या. त्याच्या जागी आला बिग बिल ब्रून्झी, शिकागोमध्ये बँडसह डझनावारी तबकड्या काढलेला, सुटाबुटात वावरणारा कलावंत. त्याची ओळख करून दिली गेली ती अर्कान्साचा शेतकरी म्हणून! १९५९ साली ब्लूजचा अभ्यासक सॅम चार्टर्स ह्यूस्टनला लाइटनिन हॉपकिन्सच्या खोलीवर गेला. हॉपकिन्स तेव्हा विजेची गिटार वाजवत होता. चार्टर्सनं त्याच्यासाठी साधी गिटार भाड्यानं आणली. १९६४ साली सन हाउस रॉचेस्टरला सापडला, पण त्यानं कित्येक वर्षांत गिटारला हात लावला नव्हता. ॲलन विल्सन या विशीतल्या गोऱ्या पोरानं त्याला त्याचीच जुनी गाणी तबकड्यांवरून पुन्हा शिकवली. त्याच वर्षी चेस कंपनीनं मडी वॉटर्सची विजेची गिटार बाजूला ठेवून त्याची ‘लोकगायक’ या नावाची एलपी काढली. साथीला बडी गाय, तोही लाकडी गिटार घेऊन. हाच बडी गाय २०११ साली मुंबईत, मेहबूब स्टुडिओतल्या पहिल्या महिंद्र ब्लूज महोत्सवात आला, तेव्हा अर्थातच विजेची गिटार कडाडत होती.

तेव्हा ‘अस्सल’ हा शब्द जपून वापरलेला बरा. श्रोत्यांच्या हट्टापायी नाचाचं संगीत खुर्चीत बसून, शांततेत ऐकायचं झालं, यात नुकसान आहेच. पण त्या शांततेतच अंगठ्याचे बारकावे पहिल्यांदा ऐकू आले. नाचाच्या धुरळ्यात ते कुणाला ऐकू आले असतील, शंका आहे.

सगळे काही मळ्यावरचे पुरुषही नव्हते. उत्तर कॅरोलायनाची एलिझाबेथ कॉटन डावखुरी. गिटार उजव्या हाताची. तिनं ती नुसती उलटी धरली. त्यामुळे तिचा अंगठा सुरावट वाजवतो आणि बोटं खर्ज सांभाळतात, म्हणजे आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्याच्या बरोबर उलट. पोरवयात तिनं मालगाडीवर एक गाणं रचलं, मग लग्न, चर्च, संसार यांत गिटार सुटली ती काही दशकं. पुढे वॉशिंग्टनला सीगर या संगीततज्ज्ञ कुटुंबात ती घरकामाला राहिली. भिंतीवरची गिटार एक दिवस तिनं उतरवून घेतली आणि घरातली मुलं थक्क झाली. माइक सीगरनं केलेली तिची ध्वनिमुद्रणं १९५८ मध्ये फोकवेजनं काढली. नव्वदीच्या उंबऱ्यापर्यंत ती मैफली करत होती.

इंग्लंडची शाखा मी दोनच प्रकरणांत उरकली आहे. डेव्ही ग्रॅहमनं मोरोक्कोत अरबी ऊद ऐकून रूढ केलेली नवी मिळवणी, आणि बर्ट जान्शची १९६५ची, लंडनच्या एका घरात उसन्या गिटारीवर ध्वनिमुद्रित झालेली पहिली एलपी, एवढं समजलं की पुढची वाट कानाला आपोआप सापडते.

प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचली तरी चालतील, ऐकण्याचा क्रम मात्र पाळावा. आधी हर्ट, मग कॉटन, मग लिप्सकम; अंगठा ओळखीचा झाल्यावर गॅरी डेव्हिस आणि रॉबर्ट जॉन्सन. पॅटन सगळ्यात शेवटी. पॅरामाउंटचे मूळ धातूचे साचे भंगारात गेले, त्यामुळे त्याचं गाणं आज मिळतं ते लोकांच्या घरी घासून घासून झिजलेल्या तबकड्यांवरून. खरखर इतकी की पहिल्यांदा ऐकणारा हेडफोन काढून ठेवतो. आवाज स्वच्छ करून विकलेल्या प्रतीही मिळतात. त्या घेऊ नयेत. खरखर गाळताना बारीक तारांची धार जाते, आणि थापेचा खणखणीतपणाही.